खरवड माझी होती

प्रिय बाबा,

तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन चार महिने झाले, म्हणजे जरा उशीरच झाला. पण आज गोत्रीला ताईकडे जेवलो आणि तेव्हापासून पोटात आग पडलीय. मिरचीची नाही, तुमच्या जावयाची!

तो कल्पेश माझ्या खुर्चीवर बसतो. तुम्ही आपल्या घरून ताईकडे नेलेल्या, आता भिंतीकडे, पंख्याखाली असलेल्या. कोणी दिली त्याला? तुम्हीच ना?

आई गेल्यावर आपलं घर जेवायचं ते तुमच्या पाळीवर. सकाळपाळी करून रिफायनरीतून तुम्ही साडेतीनला यायचात, तोवर कोणी घास घ्यायचा नाही. मग तुम्ही खिचडी टाकायचात आणि आमच्याशी बोलण्याच्या नादात ती तळाला लागायचीच. ती खरवड उलथन्याने काढून माझ्या ताटात! ताईने मागितली तरी तिला नाही. स्वतः तर कधीच नाही. "माझे दात नाहीत रे तेवढे," म्हणायचात.

मी पळालो तो त्या जेवणांनाच कंटाळून. साडेतीनपर्यंत उपाशी कोण थांबणार? आधी सावली गावात मित्राकडे, मग करजणहून ट्रकवाल्यांबरोबर थेट कच्छ. (तिथे उंटिणीच्या दुधाचा चहा प्यालो, ते सांगायचं राहिलंच. खारट लागतो, बाबा!) फोनवर तुम्ही विचारायचात, "जेवलास? कोणाबरोबर?" पहिल्याचं उत्तर द्यायचो, दुसऱ्याचं टाळायचो.

आणि मी बाहेर होतो तीच दोन वर्षं तुम्ही ताईकडे राहून रोज कल्पेशबरोबर जेवलात! तुमचे सगळे किस्से आता त्याला पाठ. तो आणि ताई हसतात, मी पापड मोडत बसतो.

आज ताईने त्याचं दुकान बंद होईपर्यंत मला उपाशी ठेवलं. तुमचीच लेक! मग आल्या आल्या त्याने खिचडी टाकली आणि मुद्दाम करपू दिली. पहिली खरवड वाटीत घालून तुमच्या फोटोपुढे ठेवली.

"पप्पांना हीच बहु भावायची. रोज मागून घ्यायचे. बेसो ने विकीभाई, बसा, चाखा!"

मला हसूच आलं. म्हटलं, आता सांगतोच याला, काही माहीत नाही तुला. तेवढ्यात ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"गप्प बस हं विक्या. तू गेल्यापासून बाबा खायला लागले. कवळीने चावायची नाही, तर ताकात भिजवून. म्हणायचे, विक्याची आहे, टाकून कशी देऊ?"

बाबा, फोनवर एकदा तरी सांगायचं ना!

तरीही हेवा जात नाही. उलट वाढलाय. ताकात भिजवून खाताना तुम्ही कसे दिसत होतात, ते त्याने पाहिलंय. मी नाही.

तर शब्द देतो. ती खरवड माझी होती, हे कल्पेशला कधी सांगणार नाही. दर रविवारी येईन आणि त्याचं दुकान बंद होईपर्यंत घास घेणार नाही. वाट बघताना तुमच्याबद्दल एकेक त्याच्याकडून काढून घ्यायचंय.

खुर्ची मात्र परत घेणार.

तुमचा उपाशी,
विक्या