गाणे बंद असतानाचा आवाज

सातारा,
रविवार

प्रिय अब्बा,

रोज फोनवर बोलणे होत असताना पत्र कशाला, असे पाकीट हातात पडताच तुमच्या मनात येईल, आणि अम्मी ते उलटसुलट करून "पोरगी बरी हाय न्हवं?" असे विचारील. मी अगदी बरी आहे. वसतिगृहाची आमटी अळणी आहे, ग्रंथालय उत्तम आहे आणि भौतिकशास्त्राची चाचणी मनासारखी झाली. हे पत्र आहे ते येत्या शनिवारविषयी. त्या दिवशी तुम्ही नवा अँप्लिफायर, म्हणजे तुमच्या भाषेत 'पेटी', घेऊन इथल्या संगीत विद्यालयात येणार आहात. सगळ्या शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे तो वाजेल, आणि पसंत पडला तर विद्यालयाच्या प्रत्येक खोलीत मिरजेच्या अल्लाबक्ष मिस्त्रींच्या, म्हणजे तुमच्या हातची पेटी बसेल. पसंत पडला नाही तर काय, हे तुम्ही तुमच्या दोस्ताला, लालासाहेब काकांना, दुकानात सांगत होता, ते मी आतून ऐकले होते. "मग काय गड्या, मोबाइलचे चार्जर आन् कव्हरं इकत बसायचं." तुम्ही हसत म्हणालात, पण समोरचा चहा तसाच गार झाला. म्हणून शनिवारच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, अशी माझी धडपड आहे.

पण आधी थोडे दुसरे लिहू द्या. समोर बसून ते मला कधीच बोलता आले नसते. तुमच्यासमोरच काय, कोणासमोरच मला धड बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो, पण मनातले मांडायला मला शाळेतली मराठीच जवळची वाटते, आणि तीही कागदावर.

आपल्या घरात तंबोरे घडत आले. दादाजान भोपळा नुसता टिचकीने पारखत, हे सगळी गल्ली सांगते. तुम्ही त्या घरात राहून कानस बाजूला ठेवलीत आणि सोल्डरिंगची गन हातात घेतलीत, तेव्हा लोक काय काय बोलले. तंबोऱ्याच्या घरात करंट शिरला, आता भोपळ्यालाही प्लग लावणार काय, असे पानपट्टीवर विचारत. पुढे रेडिओदुरुस्ती करता करता तुम्ही अँप्लिफायरकडे वळलात, तेव्हा मी चौथीत होते. पहिले किट आले तो दिवस मला लख्ख आठवतो. खोक्यातून सर्किटची एक हिरवी पट्टी निघाली आणि प्लास्टिकच्या पिशवीत मुगाच्या दाण्यांसारखे रंगीत पट्ट्यांचे रोधक, म्हणजे रेझिस्टर. तुम्ही ते ताटात ओतलेत आणि अम्मीने तांदूळ निवडावेत तसे आपण दोघांनी ते रंगांवरून निवडले. सोबतचा कागद इंग्रजीत होता. तुम्ही तो माझ्यापुढे धरलात, आणि मी शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक शब्द लावत बसले. चुकीचा अर्थ लावून मी तुमचा एक भाग उलटा बसवायला लावला आणि तो फट्‌ करून फुटला, तेव्हा तुम्ही धूर हाताने वारत एवढेच म्हणालात, "चला, ह्याला उलटं बसलेलं आवडत न्हाई, हे कळलं."

त्या भागांना तुम्ही दिलेली नावे मी अजून विसरलेले नाही. वीज साठवून हळूहळू पुरवणारा कपॅसिटर म्हणजे 'हौद'. लगेच तापणारा आणि म्हणून ॲल्युमिनियमच्या मोठ्या पाटावर बसवून थंड ठेवावा लागणारा ट्रान्झिस्टर म्हणजे 'जावई'. आणि मोबाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचे पुन्हा सुरांत रूपांतर करणारी छोटी पट्टी, जिला बाजारात डॅक म्हणतात, ती तुमचा 'दुभाषी'. "दुभाषी खोटारडा निघाला तर पुढचं सगळं खरं बोलून काय उपयोग," असे तुम्ही म्हणायचात. महाविद्यालयात सरांनी कपॅसिटर शिकवला तेव्हा सगळा वर्ग सूत्र उतरवून घेत होता आणि मी वहीच्या कोपऱ्यात हौद काढत होते. माझा पहिला क्रमांक आला तेव्हा सरांनी माझ्या पाठांतराचे कौतुक केले. त्यांनी खरे तर तुमचे कौतुक करायला हवे होते.

तुमची परीक्षा घेण्याची रीत मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना ती गोष्टीतली वाटते. तयार झालेली पेटी तुम्ही मोजणीच्या यंत्राआधी दादाजानच्या तंबोऱ्याला दाखवता. एका हाताने तारा छेडायच्या, मग तोच तंबोरा मायक्रोफोनमधून पेटीत आणि पेटीतून स्पीकरवर ऐकायचा. तारांमधून उठणारा तो मधाळ झणकार, ज्याला आपण जवारी म्हणतो, तो पेटीतून तसाच्या तसा आला नाही तर सगळे उचकटून पुन्हा जोडणी. शिराळ्याहून गुंडा नावाचा तो पैलवान आला होता, आठवते? "मिस्त्री, लय आवाज पायजे. खिडक्या हादराय पायजेत." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग सुताराकडं जा की. तो हातानं हादरवून देईल." तो रागावला नाही, उलट बसून राहिला, तंबोरा ऐकला, आणि जाताना आपल्या आज्जीच्या भजनासाठी लहान पेटी सांगून गेला. मोठ्या आवाजाचे गिऱ्हाईक बारीक आवाज घेऊन जाताना मी दुसऱ्या कोणाच्या दुकानात पाहिलेले नाही.

आणि मग ती शेवटची परीक्षा, तुमच्या खास मानाची. गाणे बंद करायचे, आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "लावा कान. काय ऐकू येतंय?" दुसऱ्यांच्या पेट्यांमधून अशा वेळी घरघर येते, खरखर येते. तुमच्या पेटीतून काहीच येत नाही. गिऱ्हाईक "काही नाही" म्हणाले की तुमचा चेहरा जसा फुलतो, तसा पैसे हातात पडतानाही फुलत नाही. गाणे तर कोणीही मोठे करील, गाणे नसताना गप्प राहणारी पेटी घडवणे हे खरे काम, असे तुम्ही सांगता. शनिवारीही तुम्ही तेच करणार, हे मला ठाऊक आहे.

सांगलीच्या सुलाबाईंसाठी तुम्ही जे केलेत, ते मला सर्वांत मोठे वाटते. गाणे शिकवून त्यांचे आयुष्य गेले, आता बोटे सांध्यांत आखडली. तुमची जुनी पेटी त्यांना कपाटातून काढता येईना, कारण आत तांब्याच्या वेटोळ्यांचा तो वजनदार ट्रान्स्फॉर्मर. त्यांनी तक्रार केली नव्हती. शिकायला आलेल्या एखाद्या मुलीला हाक मारून त्या पेटी उचलून घेतात, एवढे तुम्ही पाहिलेत आणि घरी येऊन ट्रान्स्फॉर्मरच काढायचा विचार सुरू केलात. त्याच्या जागी मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो तसला, पण मोठा, हलका वीजपुरवठा बसवलात. नवी पेटी त्यांनी चहाच्या ट्रेसारखी उचलली आणि त्यांचे डोळे भरून आले. विद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिली ती हीच पेटी, आणि शनिवारी तुम्ही आणणार आहात तीही ह्याच जातीची.

आता ईदच्या दुसऱ्या दिवसाचे लिहिते. दुकानात लालासाहेब काका बसले होते. तुम्ही विद्यालयाची पेटी लावलीत, तंबोरा झाला, मग गाणे बंद केलेत, बटण शेवटपर्यंत फिरवलेत. "लाव रं कान." काकांनी कान लावला, डोळे मिटले. "कायबी न्हाई गड्या. मसणवट्यागत शांत." तुम्ही म्हणालात, "सणासुदीचं तरी बरं बोल की," आणि दोघेही हसलात. मी दारात शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन उभी होते. अब्बा, मला ऐकू येत होते. अगदी बारीक, सुईच्या टोकासारखी शिट्टी, दारापर्यंत. तुम्ही गाणे लावलेत की ती जाई, बंद केलेत की परत येई. मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही त्या शिट्टीत बसून शांतता ऐकत होता, आणि तुमच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की मी वाट्या तिथेच ठेवून आत निघून गेले.

मला वाटले, माझाच भास असेल. दुसऱ्या दिवशी सुलाबाईंकडे शीरखुर्मा द्यायला गेले, तेव्हा शिकवणी चालू होती. आलाप संपला, पेटीतला तंबोरा थांबला, आणि पुढे बसलेल्या पूजा नावाच्या मुलीने कानात बोट घातले. "बाई, पुन्यांदा वाजाय लागली." सुलाबाई म्हणाल्या, "पेटी न्हाई, तुझं डोस्कं वाजतंय. षड्ज लाव." पण मुली गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले. "मला तर काय ऐकू येत न्हाई गं. पण एक पोरगी म्हटली तर सोडून दिलं असतं, सगळ्याच म्हणत्यात. मी नसले की पेटी बंद करून बसत्यात. तुझ्या अब्बांनी माझ्यासाठी एवढं केलं, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

इथे परतल्यावर मी आमच्या सरांना, तुमचे नाव न घेता, विचारले. त्यांनी प्रयोगशाळेतल्या उपकरणावर तशाच उंच पट्टीचा सूर लावला. आम्ही सगळ्या मुलींनी कान झाकले, आणि सर स्वतः मात्र "लागला का?" असे विचारत बटण फिरवत राहिले. त्यांना तो ऐकूच येत नव्हता. मग त्यांनी शांतपणे समजावले की वयाबरोबर प्रत्येकाच्या कानातून सर्वांत वरचे सूर आधी निघून जातात. तो आजार नाही, त्याला औषध नाही आणि त्याची लाजही नाही. तसला हलका पुरवठा, काम कमी असले की, कधीकधी अशी शिट्टी घालतो. म्हणजे तुमच्या जोडणीत चूक नाही, दुभाषी खोटे बोलत नाही, जवारीही पूर्वीसारखीच येते. ज्या एका सुरापर्यंत आता तुमचा कान पोहोचत नाही, नेमक्या तिथे तो पुरवठा बोलतो आहे. वजनदार ट्रान्स्फॉर्मर असता तर हे झाले नसते. एका बाईची बोटे दुखू नयेत म्हणून तुम्ही तो काढलात.

शनिवारी तुमच्यासमोर सुलाबाईंच्या किंवा लालासाहेब काकांच्या वयाची माणसे थोडी असतील. बाकी सगळी खोली माझ्या वयाची असेल. तुम्ही बटण शेवटपर्यंत फिरवाल, विचाराल, "काय ऐकू येतंय?" आणि ती मुले खरे उत्तर देतील. ती हसतील असे नाही, पण तुम्हाला वाटेल की ती थट्टा करत आहेत, आणि मी मागच्या भिंतीशी उभी राहून ते पाहीन. ते मला सहन होणार नाही.

तुम्ही दुकानात असताना अम्मीला मी हे सगळे फोनवर सांगितले, पत्राचे मात्र सांगितले नाही. तिने मला दादाजानच्या शेवटच्या वर्षांची एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, कारण तुम्ही तेव्हा दिवसभर रेडिओदुरुस्तीच्या दुकानात असायचात. जवारी काढताना तारांखालच्या घोडीवर कानशीचा शेवटचा हात फिरवायच्या आधी दादाजान स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारीत, "ताहेरा, कान दे." अम्मी पिठाच्या हातांनी येऊन उभी राही. ते तार छेडीत, ती ऐके आणि म्हणे, "अजून एक हात." कधी म्हणे, "बास." एकदा एका मोठ्या गवयाने ते पाहिले आणि टोमणा मारला, "मिस्त्री, सुनेच्या कानानं तंबोरा लावता व्हय?" दादाजान कानस पुसत म्हणाले, "कान घरातलाच हाय न्हवं." तो गवई पुढे आयुष्यभर आपल्याकडूनच तंबोरे नेत राहिला, असे अम्मी सांगते.

अब्बा, फोन तुम्ही नेहमी स्पीकरवर ठेवता आणि दुकान नेहमी भरलेले असते, म्हणून हे कागदावर लिहिले. हे तुम्हाला एकट्याने वाचता यावे आणि सर्वांत आधी माझ्याकडून कळावे, एवढ्याचसाठी. शनिवारऐवजी शुक्रवारी सकाळीच या. पेटी आणा, आणि माळ्यावरचा तो जुना ट्रान्स्फॉर्मरही पिशवीत घाला. तो वेगळ्या डब्यात घालून जमिनीवरच ठेवता येईल का, म्हणजे सुलाबाईंना उचलावी लागेल ती पेटी हलकीच राहील, असे माझ्या मनात आले. पण ते कसे करायचे हे तुम्हीच जाणता. मला जोडणी येत नाही, मला फक्त ऐकू येते. आमच्या सरांनी प्रयोगशाळेतले एक टेबल दिवसभर वापरायला दिले आहे. तुम्ही बदल करत राहा, आणि मी "बास" म्हणेपर्यंत थांबू नका. या पत्राविषयी फोनवर काही बोलू नका. कोणत्या गाडीने येता तेवढे सांगा, मी स्टँडवर उभी असेन.

तुमचीच,
अर्शिया