दुपारच्या डावाचा शेवटचा भाग

हमरापूर, ता. पेण
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. मनस्वीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. ह्यांचा गुडघा थंडीने धरतो, पण माळ्यावर चढणं-उतरणं काही सोडत नाहीत. कारखान्यात परदेशी जाणाऱ्या गणपतींची रंगाई सुरू झाली आहे. त्यांना जहाजाने जायचं असतं, म्हणून ते आधी उरकावे लागतात. डोळ्यांची आखणी अजून माझ्याकडेच आहे, आता चष्मा लावून करते. प्रणितची कंपनीतली पाळी कुठली चालू आहे? तुझी कंबर कशी आहे? दवाखान्यात पेशंटला एकटीने उचलू नकोस, कितीदा सांगितलं.

बातमी अशी की टीव्हीवरचा ‘दुपारचा डाव’ बंद होतोय. तीस तारखेला, शुक्रवारी, शेवटचा भाग. एकोणीस वर्षं चालला म्हणतात.

मला वाटलं होतं, मला काही वाटणार नाही. गेली चार-पाच वर्षं बघत तरी कोण होतं? वेळ सकाळी अकराची केली, खेळ घेणाऱ्या मामांना काढून दोन नवीन पोरं आणली. ती सारखी ओरडतात आणि बायकांना बोलूच देत नाहीत. पण खाली पट्टी फिरताना वाचलं आणि कुंचला हातात तसाच राहिला. रंग वाळून गेला.

दोनला ती धून वाजली की आपण दोघी सुना आईंची खाट टीव्हीपुढे सरकवायचो. तू डोक्याकडून, मी पायाकडून. अर्धांगाने त्यांचं तोंड वाकडं झालेलं, पण उत्तर सगळ्यांत आधी त्यांचंच. कोकणातली नदी विचारली की ‘कु… कु…’ करत राहायच्या आणि मामा ‘कुंडलिका’ म्हणायच्या आत तू त्यांच्या धड हातावर टाळी देऊन मोकळी व्हायचीस. अण्णा खाली कारखान्यात, आपले दोघे माल घेऊन पेणला. तेवढा पाऊण तास ते घर आपलं असायचं. भांडी पडलेली राहायची आणि कोणी काही बोलायचं नाही. शेवटचा प्रश्न आला की तू पोस्टकार्ड काढायचीस. तुझं अक्षर चांगलं म्हणून उत्तर तू लिहायचीस, पत्ता मी सांगायची. एकदाही नंबर लागला नाही. पण एकमेकींना लिहायची सवय आपल्याला त्या कार्डांनीच लावली. नाहीतर हल्ली कोण पत्र लिहितं?

आता मुद्द्याचं लिहिते. परवा वाहिनीतून एका मुलीचा फोन आला होता. शेवटच्या भागात जुने गाजलेले प्रसंग दाखवणार आहेत. म्हणाली, “मॅडम, पेणच्या हॉलमधला तुमचा जावा-जावांचा भाग आमच्याकडे सगळ्यांत जास्त टाळ्यांचा आहे. तो घेतोय. हरकत नाही ना?”

मी म्हटलं, विचारून सांगते.

तो कुठला प्रसंग हे तुला सांगायला नको. तुला ते नंतर बायकांकडून कळलं, पण तेव्हा हॉलमध्ये तुझ्या कानांवर ते मोठे हेडफोन होते, आत गाणी लावलेली. मी समोरून काय बघत होते ते मी तुला कधी सांगितलं नाही. मामांनी विचारलं, “तुमच्या जावेनं घरात सगळ्यांपासून लपवलेली एक गोष्ट सांगा.” आणि मी बोलून गेले, “ती नर्सिंगला बसली. अलिबागच्या यादीत नंबर लागलाय तिचा. घरात कुणालाच ठाव नाय.” सगळा हॉल उठून उभा राहिला. तू हेडफोन काढलेस, सगळ्या बायका तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत असं पाहिलंस आणि हसलीस. काय झालं ते न कळता हसलीस. मग मामांनी तोच प्रश्न तुला विचारला, तर म्हणालीस, “फ्रीजच्या मागं मी चिंचेच्या गोळ्या ठेवते.”

मनू, ते तोंडातून निघून गेलं. अभिमानाने निघून गेलं. पुढचं उगाळत बसत नाही. असो.

चौदा वर्षं झाली. आता ते पुन्हा दाखवलेलं तुला चालेल का? दवाखान्यातल्या सगळ्या बघतील. तुझी लेक बघेल. काय ते लिहून कळव.

संक्रांतीचे लाडू केले आहेत. कोणी रोह्याला येणारं मिळालं की देते.

तुझी,
नम्रताताई


हमरापूर
१ फेब्रुवारी २०२६, रविवार

मनस्वी,

तुझं पत्र एकवीस तारखेला मिळालं. छोटंसं होतं, मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. “ताई, ते दाखवायला नको. लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तेव्हा तू बिचारीने वाहिनीला फोन करून किती विनवलं होतंस, त्यांनी ऐकलं नाही. आता परत एकदा करून बघशील? नाहीच ऐकलं तर तुझा काय दोष.”

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर मी त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, “आमच्या जावेची इच्छा नाय. तेवढं उत्तर काढता येईल का?” मी तयारी करून बसले होते. रडायची, भांडायची, साहेबांचा नंबर मागायची. ती म्हणाली, “हो मॅडम, काढते. पेल्यांचा खेळ ठेवू ना तुमचा? तो छान आहे.” मी हो म्हटलं. तिने ‘थँक्यू’ म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन मिनिटंही लागली नाहीत. नंतर मी किती वेळ तो फोन हातात धरून बसले होते. ह्यांनी विचारलं, “काय झालं गो?” मी म्हटलं, “काय नाय.”

शुक्रवारी शेवटचा भाग पाहिला. शेजारच्या हौसाकाकू आल्या होत्या, त्यांना आता धड दिसत नाही, मी सांगत होते. मामा आले होते. काठी घेऊन चालतात. त्यांना स्टेजवर नाही, पहिल्या रांगेत बसवलं. त्या दोन पोरांनी जुन्या कार्डांचा ढीग ओतला आणि मामांना एक उचलायला सांगितलं. मामांनी उचललं, बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, “चष्मा नाही आणला.” सगळी हसली. मला नाही हसू आलं.

मग जुने प्रसंग. आपल्याला थोडंच दाखवलं. कागदी पेल्यांचा मनोरा रचतोय आपण, तू माझ्या खांद्याला धरून ओरडतेयस, “ताई, हळू, ताई, हळू!” तुझी ती जांभळी साडी. मनोरा पडला आणि आपण दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळलो हसून. तिथेच कापलं. पुढचं काही नाही. हौसाकाकूंनी विचारलं, “तुमचीच हसणी ना गो ती?” मी म्हटलं, “व्हय.” शेवटी धून पूर्ण वाजवली, इतकी वर्षं अर्धीच वाजवायचे. ती संपायच्या आत साबणाची जाहिरात लागली.

त्याच रात्री ठरवलं, तुला समोर बसून सांगायचं. काल सकाळच्या एसटीने रोह्याला आले ती लाडू द्यायला नाही आले. लाडू निमित्त होतं.

तू मला दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसवलंस. निळी साडी, केस बांधलेले, हाताला फिनेलचा वास. चहा आणलास. ती नवी नर्स आली, चोवीस-पंचवीसची असेल, तुला ‘मनूमावशी’ म्हणाली आणि सात नंबरच्या आजींचं अंथरूण बदलायला सांगून गेली. तू म्हणालीस, “थांब गो, ही कोण ती बघ तरी. ही माझी जाऊ. त्या घरात एकटी माझ्या बाजूनं उभी राह्यली होती.” पोरीने मला वाकून नमस्कार केला.

मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला. चहा प्यायले. साडेबाराची एसटी धरून परत आले.

तोंडाने मी खोटं बोलू शकते, हे मला काल पुन्हा एकदा कळलं. म्हणून लिहिते आहे.

मनू, तेव्हा मी फोन केलाच नव्हता.

हॉलमधून घरी येताना एसटीत तू रडत होतीस, माझा हात धरून सांगत होतीस की ताई, हजर व्हायच्या दिवसापर्यंत हे घरी कळता कामा नये, एकदा रुजू झाले की कोण मागे बोलावतं. कार्यक्रमात नाव माझं नोंदवलेलं, मोबाईल माझा. वाहिनीच्या नंबरची चिठ्ठी तू माझ्या मुठीत दिलीस. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन गच्चीवर गेले. कच्चे गणपती वाळत घातले होते, त्यांच्यामध्ये बसले. नंबर दाबला आणि पुसला. परत दाबला आणि पुसला. मग खाली आले आणि तुला म्हटलं, “ते म्हणतात एकदा शूट झालं की कापता येत नाय.” तू माझी पाठ थोपटलीस. “जाऊ दे ताई, तू केलंस ना.”

का केलं असं, ते चौदा वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आले आहे. खरं ते असं. आईंना उचलायला दोन माणसं लागायची. तू गेल्यावर मी एकटी. सकाळी अंग पुसणं, रात्री कूस बदलणं, सगळं एकटीने, आणि किती वर्षं ते कोणी सांगावं. दुसरं म्हणजे मी नववीपर्यंतच शिकलेली. तू माझ्यामागून त्या घरात आलीस आणि माझ्यापुढे निघून चाललीस. हॉलमध्ये तुझा अभिमान वाटला तो खरा होता. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पोटात जे होतं तेही खरंच होतं. आणि तिसरं लिहायची लाज वाटते. दोनला टीव्ही लावून मी एकटीच बसलेली मला दिसत होती.

भाग लागला त्या दिवशी आपण टीव्हीची वायर काढून ठेवली, तू किती निर्धास्त झाली होतीस. तुला वाटलं, झाकलं गेलं. मला ठाऊक होतं की गावात घरोघर चालू असणार. संध्याकाळी एसटी स्टँडवर कोणीतरी अण्णांकडे सुनेचे पेढे मागितले. पुढचं तुलाच माहीत. तुझे दाखले अण्णांनी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आणि तारीख निघून जाईपर्यंत काढली नाही. प्रणित बापापुढे बोलला नाही. तू तीन दिवस जेवली नाहीस. मी तुझ्यासाठी अण्णांशी भांडले, आठवतं? खूप भांडले. आवाज चढवून. ते भांडण बघून तू आयुष्यभर माझी झालीस. मला मात्र भांडताना कळत होतं की अण्णा ऐकणार नाहीत.

आणि झालं काय? चार महिन्यांत तू प्रणितला घेऊन रोह्याजवळ वरसेला राहायला गेलीस. आईंना मी एकटीनेच उचललं, तीन वर्षं. शेवटच्या आजारात तू अकरा दिवस येऊन राहिलीस, त्यांची पाठ चिघळली होती ती तू धुतलीस. डॉक्टर म्हणाले, “या बाई नर्स आहेत का?” तू म्हणालीस, “नाय, सून आहे.” मी दारात उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

मी ह्यांना काल सांगितलं. ते खाली कारखान्यात जाऊन बसले. प्रणितला मी सांगितलेलं नाही. ते तुझ्याकडे ठेवते, तुला वाटलं तर सांग. तुझ्या मनातून अण्णांचा राग गेलेला नाही आणि तो जायला हवा असं मी म्हणत नाही. पण त्यातला माझ्या वाट्याचा होता तो तू इतकी वर्षं त्यांच्यावर आणि प्रणितवर घातलास. प्रणित वाईट नाही. भित्रा होता. माझ्यासारखा.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द दोनदा लिहून खोडला, वर डाग दिसेल.

लेकीला सांगताना खरं सांग. तिला सांग, आईचा नंबर लागला होता, यादीत नाव होतं. त्यात लपवण्यासारखं तुझं काहीच नाही, लपवण्यासारखं जे होतं ते माझं होतं.

आणि त्या नर्स पोरीलाही सांग. तिने मला वाकून नमस्कार केला तो माझ्याने घेववत नाही. तिला सांग, त्या घरात तुझ्या बाजूने कोणीच उभं नव्हतं.

नम्रता