श्वास ऐकायचा तर पंखा बंद

मंगळवार, १२ मे. शहादा.

संध्याकाळी पुन्हा तेच. ह्यांनी गाण्यांच्या ॲपचा तो भारीतला प्लॅन घेतल्यापासून वैताग आलाय नुसता. हाय-रेझमध्ये म्हणे गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण त्यासाठी पंखा बंद! शहाद्यात, मे महिन्यात! अंगातून घामाच्या धारा, आणि हे विचारतात, "फरक समजी ऱ्हायना का?"

नाही समजत. साधं लावा नाहीतर हाय-रेझ, मला दोन्ही सारखंच. माझेच कान बिघडलेत, की फरक फक्त ह्यांच्या डोक्यात आहे? शेवटी उठून मी पंखा पाचवर केला. ह्यांनी तोंड फुगवलं.

तेवढ्यात म्हसावदहून नणंदबाईंचा व्हॉइस मेसेज. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय ना. "भाऊ, नात हुयनी! रडनं ऐक!" आवाज फाटका, मागे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न. ह्यांनी तो पुन्हा पुन्हा लावला. मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "ऐक, कशी दम ली ऱ्हायनी!"

खरंच. रडता रडता मध्येच ती इवलासा श्वास घेत होती. मलाही स्पष्ट ऐकू आला.

पंखा पाचवरच होता.