तीस की बावीस

गुरुवार, संध्याकाळ. डिलाईल रोड.

अजून डोकं शांत होत नाहीये. आज लॅबमध्ये आमच्या लेसरचा पल्स मोजला. प्रकाशाचा एवढुसा झोत, सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या बारीक तुकड्यात संपणारा. तीन वेळा मोजला. तिन्ही वेळा तीस फेमटोसेकंद.

आणि सर सगळ्यांसमोर म्हणतात, "मनीषा, परिषदेच्या पोस्टरवर बावीस टाक."

बावीस? पल्स जितका छोटा तितकी वाहवा, हे कबूल. लेसरमध्ये किती रंग आहेत त्यावरून गणित केलं, तर कमीत कमी बावीस येतात. पण काचेतून जाताना पल्स ताणला जातो, हे सरांनीच मला शिकवलंय ना?

"सर, बावीस होऊ शकतात. झालेले नाहीत."

"आठ फेमटोसेकंदांनी कुणाचं काय बिघडतंय?"

माझं बिघडतं! सहा महिने आरसे केसभर इकडे, केसभर तिकडे करत मी काय उगाच बसले होते? तीस आहेत. तीसच.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा गिरणीत फिटर होते. त्यांना फेमटोसेकंद माहीत नाही, पण माप माहीत आहे. चहा बाजूला ठेवून म्हणाले, "जां मोजलंस, तांच लिव गो."

मग मी सरांना मेसेज केला: "बावीस लिहायचे असतील तर माझं नाव काढा."

पाठवून फोन पालथा ठेवला. गाईड आहेत ते. पीएचडी त्यांच्याच सहीवर.

आत्ता उत्तर आलं. "ठीक आहे. तीस लिही."

ठीक आहे म्हणे! जशी काही मी सवलत मागितली होती.