उजव्या गालाची तार

स्फाक्स
ईदनंतरचा पाचवा दिवस

आदरणीय शाधलियाताईस,

धाकट्या तिजानीचा सलाम, आणि तोही लांबूनच (का, ते पुढे येईल). तुझे गुडघे कसे आहेत? हेदी भावोजींचा खोकला थांबला का? समुद्रात सोडलेल्या मडक्यांत यंदा ऑक्टोपस येऊन बसतायत ना? विचारतोय खरा, पण उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. गेल्या ईदला तू गालाला गाल लावायला पुढे आलीस, मी तोंड फिरवलं, वर हाताने तुला ढकललं, आणि तू चारचौघांत नुसतं "बरं" म्हणून बेटाकडची दुपारची बोट धरलीस. त्यानंतर वर्षभर तू माझा एकही फोन घेतलेला नाहीस. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

त्याचं असं आहे की माझ्या उजव्या गालात दोन वर्षांपासून वीज शिरते. दोन-चार सेकंद जबड्यापासून डोळ्यापर्यंत लखकन जाते आणि मग काही घडलंच नाही अशी शांतता. आता मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडलेला माणूस, मला नुसतं ओरडून समाधान होईना. मी नोंदींची वही सुरू केली. गार पाणी : कळ येते. गरम कॉफी : येत नाही. पंखा : येतो, म्हणजे कळ येते. हसणं : विनोद कोणाचा आहे त्यावर. मग कोंबडीचं पीस घेऊन आरशासमोर गालाचा नकाशा केला, तेव्हा नाकपुडीशेजारी मसुराएवढी एक जागा सापडली. तिथे जोरात दाबलं तर काही नाही, पिसाने नुसतं शिवलं तर मी स्टुलावरून खाली. (आरशासमोर स्वतःला पिसाने गुदगुल्या करणाऱ्याचा रोग गालात नसतो, असं झकियाचं मत पडलं. बायकोच ती.) दाताच्या डॉक्टरने दोन दाढा काढल्या. पहिलीने फरक पडला नाही तेव्हा दुसरी त्याने जास्तच आत्मविश्वासाने काढली. दोन्ही घरी आणून भिंगाखाली पाहिल्या, ठणठणीत होत्या.

तर यंदाची ईद. सकाळी नमाजाहून आलो, खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांचा शरमूला ताटात आला, आणि पहिल्याच मनुकेवर दात पडला. ताई, त्या दिवशी ती वीज थांबेचना. मिनिटाला वीस-वीस वेळा. मी मोजत होतो, मग मोजणं सुटलं आणि मी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो. घरातल्या सगळ्या दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन झाल्या, त्यांचा शेंगदाण्याइतकाही उपयोग झाला नाही. झकिया म्हणाली, "चला इस्पितळात, वही राहू दे इथेच."

पण ईदच्या सकाळी आपल्या गल्लीतून गाल वाचवून जाणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. सगळे नवे कपडे घालून दारात उभे, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाच्या गालाला गाल. मी झकियाचा रुमाल हनुवटीखालून डोक्यावर करकचून बांधला, म्हटलं त्यावरून तरी लोक समजतील. लोक समजले की याच्या घरी काहीतरी झालं. शेजारचा फर्जानी धावत आला. "अरे तिजानी, काय झालं? ये इकडे, आज कुणी रडायचं नाही!" असं म्हणून त्याने दोन्ही गालांवर प्रेम केलं. मी अशी किंकाळी फोडली की समोरच्याच्या गच्चीवरचं बोकड सुटलं. त्यावर पाववाली बाई "बिचारा गं!" करत आली. (आनंदाचा पापा पटकन आटोपतो, दयेचा लांबतो. हेही वहीत घ्यायला हवं.) शेवटी झकियाने कमरेवर हात ठेवून गल्लीच्या तोंडाशी जाहीर केलं, "ह्यांना गालगुंड झालंय! लागण होते!" गल्ली अशी रिकामी झाली की आम्ही मधोमध चालत गेलो.

पुढे हीच युक्ती आमच्या अंगाशी आली. टॅक्सीवाल्याने झकियाची आरोळी ऐकली होती. त्याने आम्हाला मागच्या काचा उघडून बसवलं (वारा! विचारू नकोस) आणि इस्पितळाच्या दरवाज्यावरच्या माणसाला ओरडून सांगितलं. त्याने मला गालगुंडाच्या तीन पोरांसोबत वेगळ्या खोलीत घातलं. तासाभराने डॉक्टर इन्साफ आली, आपल्या भाचीच्या वयाची असेल.

"काका, कुठे दुखतं, बोट लावून दाखवा."

मी गालापासून चार बोटं लांब हवेत दाखवलं. ती एकदम थांबली.

"गालगुंडवाला गाल धरून बसतो. तुम्ही तर हातही लावत नाही. दात किती काढले?"

"दोन."

"लवकर आलात. काही जण सगळे काढून येतात."

मग तिने कागदावर काढून दाखवलं. चेहऱ्याची एक मोठी नस कवटीतून निघते, तिथे आत एक रक्तवाहिनी तिच्यावर टेकते, ठोके देऊन देऊन नसेवरचं आवरण झिजतं. ताई, त्या यातनेतही मला हसू फुटलं (आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली). म्हणजे बिघाड फोनमध्ये नव्हताच, एक्स्चेंजकडे होता! जन्मभर मी लोकांना सांगत आलो की फोनचं डबडं बदलून काही होत नाही, आणि स्वतःची दोन डबडी उपटून बसलो. तिने छातीला वायरी लावल्या, हाताला सलाईनमधून फिटवरचं औषध सावकाश सोडलं, आणि गालात भूल देणारी सुई. मी विचारलं, फिटवरचंच का? ती म्हणाली, "काका, सगळं सांगते, पण आधी तोंड मिटा, सुई आत आहे."

वीस मिनिटांनी शांतता झाली. मी नळाशी जाऊन दोन्ही तळव्यांनी तोंड धुतलं, कितीतरी महिन्यांनी. उजवा गाल दुसऱ्याच कुणाचा तरी लागत होता, पण दुखत नव्हता. फार बरं वाटलं, ताई. झकिया तिथेच भिंतीला टेकून रडली आणि मग म्हणाली की खारवलेला मासा घरी उघडाच राहिलाय.

आता रोज त्याच औषधाच्या जातीच्या गोळ्या आहेत. त्यांनी डोकं गरगरतं, म्हणून अक्षर वाकडं आलंय. भावोजींना सलाम.

तुझा धाकटा भाऊ,
तिजानी

ता. क. मला गालगुंड झाल्याची बातमी बेटावर पोचली असेल तर ती खोटी. फिट येतात, हीही खोटी. बोकड सुटलं ते मात्र खरं.

ता. क. पत्र न लिहिता मीच आलो असतो. गुरुवारी बंदरावर गेलोही होतो, पण सुईची भूल केव्हाच उतरली होती, धक्क्यावरच्या वाऱ्याने मला तिकिटाच्या खिडकीपर्यंतही जाऊ दिलं नाही.

ता. क. या महिनाअखेरच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. त्या रक्तवाहिनीत आणि नसेत आडोसा घालतात. बहुतेकांना गुण येतो. काहींचा गाल मात्र कायमचा बधिर राहतो, मग त्यावर काय टेकलं ते कळत नाही. त्याच्या आधी ये. आणि एक, वरचं सगळं खरं असलं तरी गेल्या ईदचं तसं नव्हतं. तू पुढे आलीस तेव्हा कळ आलीच नव्हती. येईल या भीतीने मी तुला ढकललं, आणि नंतर वर्षभर मनात कळेला दोष देत बसलो. तू ये. उजव्या गालालाच गाल लाव. मी हात पाठीमागे बांधून उभा राहीन, ओरडलो तरी सोडू नकोस.