सांगेपर्यंत हात काढायचा नाही

सोमवार
हॉस्पिटलात नोकरी लागली, तीही जिच्यावर जीव आहे तिच्याच गावात. कॉलेज अर्धवट टाकलं तेव्हा घरी सगळे म्हणाले, आता उकिरडे फुंक. बघा म्हणावं: पांढरा डगला, स्वतःचं कपाट, आणि खिडकीतून तिची गच्ची दिसते. यकृताचा तुकडा तपासायला काढतात, त्या खोलीत माझी नेमणूक. ज्याचं रक्त लवकर गोठत नाही, त्याच्या बरगड्यांतून सुई घालणं जोखमीचं. म्हणून डॉक्टर मानेच्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेतात. आत रक्त आलंच तर शिरेतच राहतं. नळी निघाली की तिथं बोटांनी दाब देऊन बसायचं, हे माझं काम. सिस्टर सांगेपर्यंत हात काढायचा नाही. इथले जुने वॉर्डबॉय, सगळ्यांचे मामा, म्हणाले, नाकावर माशी बसली तर बसू दे, तिचंही पोट आहे.

मंगळवार
पहिला पेशंट, एक आजीबाई. म्हणाल्या, पोरा, हात किती रे गार तुझा. माझे तळवे तर भट्टीसारखे तापले होते. सिस्टर म्हणाल्या, प्रेमात पडलेल्यांचं असंच असतं. हसलो. पण आजींच्या मानेवर माझ्या बोटांशेजारी आणखी चार बोटांचे वळ होते.

बुधवार
तिचे वडील आले. पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे पिवळे. गेल्या वर्षी यांनीच मला दारातून हाकललं, म्हणाले होते, तुला देण्यापेक्षा पोरगी विहिरीत ढकलीन. उद्या त्यांची तपासणी, मानेतूनच. ती रडत म्हणाली, बाबांना जप, मग आपलं बोलू. शब्द दिलाय. चुकलो तर ती गेलीच.
दुपारी डॉक्टर सगळ्यांसमोर मला बिनडोक म्हणाले. डोकं सटकलं, समोरच्या दुसऱ्याच पेशंटच्या मानेवरून हात काढूनच घेतला. सिस्टर ओरडत धावल्या. रक्त आलं नाही. कातडीत चार खड्डे तसेच, खोल. कुणीतरी दाबून धरल्यासारखे.
मामांना विचारलं. म्हणाले, तुझ्या आधीच्यानं पोरीचा फोन घ्यायला हात काढला. पेशंट गेला. मागोमाग तोही मेला. त्या दिवसापासून खोलीत कुणाची मान सुटली नाही. हे त्यांनी चांगलं म्हणून सांगितलं की—

गुरुवार, सकाळ
नळी निघाली. एका हातानं दाबतोय, दुसऱ्यानं हे लिहितोय. ती काचेबाहेर उभी.
माझ्या बोटांवर बोटं. गार.

सिस्टर म्हणाल्या, झालं, काढ आता. काढला. खड्डे भरत नाहीत. वडिलांचे ओठ निळे पडताहेत. सिस्टर डॉक्टरांना आणायला पळाल्या. मी ती बोटं उपटायला गेलो, हाताला काहीच लागत नाही. ओरडून सांगितलं, सोड, सांगितलंय त्यांनी. ऐकत नाही. त्याला त्याच्या सिस्टरनं सांगायला हवं होतं, तिनं कधी सांगितलंच—

ती काच बडवतेय. तिला वाटतंय मीच दाबतोय. म्हणून लिहून काचेला लावतो, बघ, एका हातात वही, दुसऱ्यात पेन, माझे दोन्ही हात इथं आहेत, मग बाबांच्या मानेवर