डोलकाठीच्या आतला आवाज

बाबा, आज मी एक बोट धक्क्यावरून हलू दिली नाही. कोणती बोट, ते आधी सांगायला हवं, कारण मी या टीममध्ये आले ती तुम्ही गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. टीम इटालियन आहे, शिडाच्या बोटींच्या शर्यतींसाठी देशोदेशी फिरते, आणि बोटीची डोलकाठी व तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, ज्यांना मिळून ‘रिग’ म्हणतात, ही माझी जबाबदारी. कॉव्हेंट्रीसारख्या, समुद्राचा वाराही न लागणाऱ्या गावात वाढलेली मुलगी तिथे काय करतेय, असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. पण सुरुवात तुम्हीच करून दिलीत. रग्बी गावाजवळच्या तलावावर मला होडी शिकायला घातलंत, पिवळं लाइफ जॅकेट आणलंत, आणि स्वतः मात्र गाडीच्या काचा वर करून पाण्याकडे पाठ फिरवून बसायचात, मांडीवर थर्मास घेऊन. पाण्याच्या बाबतीत तुम्ही चक्क भित्रे होतात, आता बोलायला हरकत नाही.

आमच्या टीममध्ये एक रीत आहे. बोट सोडण्याआधी कप्तान प्रत्येकाला विचारतो. ज्याच्याकडे जे काम, त्याने त्या वस्तूवर हात ठेवून ‘वा बेने’ म्हणायचं, म्हणजे सगळं ठीक आहे. एकाने जरी म्हटलं नाही, तरी बोट निघत नाही. मी आल्यापासून असं कधीच झालं नव्हतं. मलाही ते घराबाहेर पडताना देवाला हात जोडण्यासारखंच झालं होतं, हात टेकवायचा, म्हणायचं, निघायचं.

आज इंग्लंडच्या काउज बंदरात स्पर्धेतली शेवटची शर्यत होती. आम्ही पहिल्या जागेवर होतो, नुसती नीट पार पाडली असती तरी स्पर्धा आमची होती, आणि कप्तानाचा हा निवृत्तीआधीचा शेवटचा मोसम. वारा सकाळपासून चढत होता. बोट धक्क्याला बांधलेली, लाटेने जराशी कलली, आणि डोलकाठीच्या आतून ‘टक’ असा आवाज आला. मी कान लावला. पुन्हा टक. ताण मोजणाऱ्या स्क्रीनवर सगळे आकडे जिथल्या तिथे. पुढची तार डोलकाठीच्या आत जिथे अडकते, तो सांधा मला छळायला लागला. तो बघायचा तर क्रेनने अख्खी डोलकाठी उतरवावी लागते, आणि तेवढा वेळ कुठला! पण त्या वाऱ्यात तो सांधा सुटला असता, तर डोलकाठी माणसांच्या डोक्यावर आली असती.

“रिग?” कप्तानाने विचारलं. माझा हात डोलकाठीवर होता.

“रिग?” तो परत म्हणाला.

“नो,” मी म्हणाले. “आतून आवाज येतोय. उघडून बघायला हवं.”

“नंबर्स काय म्हणतात?”

“नंबर्स ओके आहेत.”

“मग तुटणारच, आर यू शुअर?”

“नाही. पण तुटणार नाही, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही.”

सुकाणू धरणारा पोरगा इटालियनमध्ये जे काही बोलला, ते समजायला भाषा यायची गरज नव्हती. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी तो जागचा हलवला नाही. कप्तानाने टोपी काढली, पाण्याकडे बघत उभा राहिला आणि मग शिडं खाली घ्यायला सांगितली. दुसऱ्या बोटी एकेक करत आमच्यासमोरून गेल्या.

क्रेनची वाट बघताना मला आपलं कॉव्हेंट्रीचं स्वयंपाकघर दिसतं. शनिवार आहे, आई ड्यूटीवर, तुम्ही पोह्यांसाठी कांदा चिरताय. त्या आठवड्यात तुम्ही एक ऑपरेशन थांबवलं होतंत. भूल द्यायची तुमची तयारी झालेली, मॉनिटर उत्तम, आणि तुम्ही म्हणालात, पेशंटचा श्वास मला बरा वाटत नाही, आज नको. सर्जन सगळ्यांदेखत तुम्हाला वाटेल ते बोलला होता, हे आईकडून मला कळलं होतं. शनिवारपर्यंत सगळे रिपोर्ट आले होते.

“काय निघालं?” मी विचारलं.

“काही नाही. ऑल क्लिअर.”

“मग चांगलंच की, बाबा!”

“हो ना. चांगलंच.”

“म्हणजे उगाचच थांबवलंत.”

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. “उगाच? श्वास मी ऐकला होता, तू नाही. न बघता बोलायचं नाही,” एवढंच म्हणालात. आवाज चढला नव्हता, तरी माझे कान तापले. मग तुम्ही सिंकपाशी जाऊन कढई घासायला लागलात. ती मी सकाळीच घासून ठेवली होती, हे तुम्हाला दिसत होतं. तरी घासत राहिलात, आणि पोहे त्या दिवशी मीच केले, खारट झाले.

डोलकाठी उतरली. मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं, सांधा उघडला, पुसला, तपासणीचं लाल औषध लावलं. बारीकसा तडा असला तरी त्यात तो रंग उतरून रेघ दिसते. मी रेघ शोधत होते, बाबा, इंच न् इंच. परत पुसलं, परत लावलं. रेघ नव्हती. सांधा नव्यासारखा होता. आवाज कसला होता, ते अजूनही कळलेलं नाही. तोवर शर्यत संपली होती, बक्षीस दुसऱ्यांना गेलं होतं, आणि आमच्या पुढून गेलेल्यांपैकी एकाचीही डोलकाठी पडली नव्हती.

कप्तान माझ्याशेजारी वाकून बघत होता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “गुड न्यूज, नो?” आणि पाठीवर थाप मारून निघून गेला. चेष्टेचा सूर अजिबात नव्हता. मी तो सांधा कपड्याने पुसत बसले, स्वच्छ झाल्यावरही.

तुमच्याशी बोलायला लागले ते तिथेच, हातात तो कपडा असताना, आणि आता खोलीवर येऊन लिहितेय. पुन्हा तसाच आवाज आला, तर मी पुन्हा ‘नो’ म्हणेन, त्याबद्दल मनात शंका नाही. पण एक गोष्ट इथे कुणाला सांगता येणार नाही. कप्तान ‘गुड न्यूज’ म्हणाला, तेव्हा मी लगेच “येस, थँक गॉड” म्हणाले. ते खोटं होतं. मला तडा हवा होता, बाबा. तुम्हालाही त्या शनिवारी हवा होता का?